झुडुपातील हालचाल

गोरेगावच्या सेमिनरीत नैतिक ईशज्ञान शिकत असताना आमचे प्राध्यापक एक उदाहरण वारंवार देत असत. एक शिकारी जंगलात गेला आहे. समोरच्या झुडुपात काहीतरी हलते. ते हरीण असेल किंवा लाकूडफाटा गोळा करणारा एखादा माणूस असेल. शिकाऱ्याची अटकळ अशी की, बहुधा ते हरीणच असावे. त्याने गोळी झाडावी काय?

आम्ही विशीतली मुले. उत्तर सोपे वाटे आणि आम्ही एका सुरात ‘नाही’ म्हणत असू. प्राध्यापक मग डोळे मिचकावून विचारीत, ‘शंभरात नव्व्याण्णव वेळा हरीण असेल तर?’ तरीही नाही. ‘मग शंभरात शंभर वेळा असल्याशिवाय शिकारी कधीच गोळी झाडणार नाही काय?’ येथे वर्गात शांतता पसरत असे.

हे उदाहरण त्यांचे स्वतःचे नव्हते. कित्येक पिढ्यांचे धर्मगुरू नीतिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतून ते शिकत आले आहेत. त्यामागे एक मोठा वाद आहे. १५७७ साली बार्तोलोमे दे मेदिना या स्पॅनिश दोमिनिकन पंडिताने असे मत मांडले की, एखादा नियम आपल्याला लागू आहे की नाही याबद्दल खरीखुरी शंका असेल आणि ‘लागू नाही’ या मताला भक्कम आधार असेल, तर विरुद्ध बाजूचे मत अधिक बळकट असले तरी माणूस मोकळा आहे. या विचाराला संभाव्यतावाद असे नाव पडले. पुढची दोनशे वर्षे त्यावर पंडितांनी एकमेकांवर यथेच्छ शाई उडवली. फ्रान्समध्ये पास्कालने याच मुद्द्यावरून येशूसंघीयांची टर उडवली. अठराव्या शतकात संत आल्फोन्स लिगोरी यांनी मधला मार्ग शोधला. मात्र एका गोष्टीवर बहुतेक सारे पक्ष एकत्र आले. शंका नियमाविषयी असेल तर सवलत मिळू शकते. शंका वस्तुस्थितीविषयी असेल आणि चूक झाल्यास दुसऱ्याचा प्राण जाणार असेल, तर सवलत नाही. तेथे सुरक्षित बाजूच धरली पाहिजे. झुडुपातला शिकारी या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

मी हे पाठ केले, परीक्षेत लिहिले, गुणही मिळवले. त्या झुडुपाकडे मात्र माझे लक्ष पुन्हा गेले ते अनेक वर्षांनी, परदेशात, एका दुर्बिणीच्या दुकानात.

आपल्याकडील अनेक धर्मगुरू उन्हाळ्यात जर्मनीतील धर्मग्रामांत बदली सेवा देण्यासाठी जातात, हे वाचकांना ठाऊक आहेच. तेथील धर्मगुरू सुटीवर असतात आणि आपली मिस्सा अर्पण करायला भारतातून कोणीतरी येतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात मी बव्हेरियाच्या दक्षिण भागात, आल्प्सच्या पायथ्याशी एका लहानशा गावात होतो. तेथे माणसे भेटली की ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात, म्हणजे नमस्कारातच देवाचे नाव येते. मला ते फार आवडे. चर्चशेजारी एक निवृत्त सुतार राहत असत. वय सत्तरीच्या पलीकडे, पत्नी निवर्तलेली. रोज सकाळच्या मिस्सेला हजर. मी त्यांना मनात आजोबा म्हणत असे, ते मला ‘हेर फारर’, म्हणजे धर्मगुरूमहाराज. ते शिकारी होते.

शिकार म्हटल्यावर आपल्या मनात जे चित्र येते ते येथे बाजूला ठेवावे लागेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. माझ्या आजोबांची ठासणीची बंदूक, तुंगारच्या पायथ्याला रात्रभर बसून आणलेले रानडुक्कर, त्याच्या मटणाचे वाड्यातले वाटे, या गोष्टी मी फक्त ऐकल्या आहेत. जर्मनीत शिकार कायदेशीर आहे, पण परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि ती अवघड असते. प्राणिशास्त्र, जनावरांचे रोग, शस्त्रे, कायदा, मांसाची स्वच्छता असे सारे विषय तिच्यात असतात. कोणते जनावर कोणत्या महिन्यात मारता येते, हे ठरलेले असते. पिले स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत त्यांच्या संगोपनासाठी आवश्यक असलेल्या मादीला वा नराला मारणे तेथील शिकार कायद्याच्या २२ व्या कलमाने निषिद्ध केले आहे. रानडुकरासारखे अपवाद सोडले तर खुरांची जनावरे रात्री मारता येत नाहीत. रात्र म्हणजे काय तेही कायद्यात लिहिले आहे. सूर्यास्तानंतरच्या दीड तासापासून सूर्योदयाआधीच्या दीड तासापर्यंतचा काळ म्हणजे रात्र. जर्मन माणसाने अंधाराचीही व्याख्या करून ठेवली, असे मी गमतीने म्हटले, तेव्हा आजोबा हसले नाहीत. म्हणाले, ‘हेर फारर, सगळ्या चुका त्याच दीड तासात होतात.’

त्यांचा प्रश्न दुर्बिणीचा होता. चाळीस वर्षे ते एक मोठी दुर्बीण गळ्यात घालून हिंडले होते. तिच्यावर ८ × ५६ असे आकडे कोरलेले. पहिला आकडा, वस्तू किती पट जवळ दिसते तो. दुसरा, पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ती किलोभराहून जड होती आणि मानेच्या मणक्याचे दुखणे सुरू झाल्यावर डॉक्टरांनी तिच्यावर बंदी घातली. आता त्यांना लहान, सदऱ्याच्या खिशात मावेल अशी, पण अव्वल दर्जाची दुर्बीण हवी होती. तालुक्याच्या गावी दुकान होते. ‘चला बरोबर,’ ते म्हणाले. ‘मला एका गोष्टीचा सल्ला हवा आहे आणि तो दुकानदार देऊ शकणार नाही.’

वाटेत त्यांनी विचारले. अशा दुर्बिणीला सातशे-आठशे युरो पडतात. शंभर युरोचीही मिळते. एका म्हाताऱ्याने हौसेसाठी इतके पैसे भिंगावर घालणे हे पाप आहे काय?

मी पटकन उत्तर दिले. धर्मगुरूंना पटकन उत्तर देण्याची सवय लागलेली असते. मी म्हणालो, शंभराची घ्यावी आणि उरलेले सातशे गरिबांना द्यावेत. आजोबांनी मान डोलावली आणि काही बोलले नाहीत. दुकानात पोहोचेपर्यंत मी माझ्या उत्तरावर प्रसन्न होतो.

दुकानात त्यांनी दोन्ही प्रकारच्या दुर्बिणी काचपेटीवर मांडायला लावल्या आणि माझ्या हातात आधी स्वस्तातली दिली. ‘हात लांब करून उजेडाकडे धरा. मागच्या भिंगात काय दिसते?’ दोन पांढऱ्या चकत्या दिसल्या, पण त्यांच्या कडा कातरल्यासारख्या होत्या. महागडीच्या चकत्या नाण्यासारख्या गोल होत्या. आत लोलक असतात, ते हलक्या काचेचे आणि आखूड असले की कडेचा प्रकाश असा कापला जातो. मग त्यांनी मला दुकानाबाहेर नेले आणि चर्चच्या मनोऱ्याची टोकदार कड आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहायला सांगितले. स्वस्त दुर्बिणीतून त्या कडेला जांभळी-हिरवी झालर होती. दुसरीतून कड स्वच्छ, सुरीने कापल्यासारखी. दोन नळ्या एकमेकींशी किंचितशा वाकड्या असल्या तरी डोळा तेवढ्यापुरती भरपाई करतो आणि मग अर्ध्या तासाने डोके दुखू लागते, तेही त्यांनी समजावले. माझा चष्मा आहे, त्यांचाही. भिंगापासून पंधरा-सोळा मिलिमीटर दूर डोळा ठेवूनही पूर्ण चित्र दिसले पाहिजे, नाहीतर चष्मेवाल्याला भोकातून पाहिल्यासारखे दिसते.

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे पृष्ठभाग दहाहून अधिक असतात, म्हणजे लेप नसेल तर तिसरा हिस्सा उजेड वाटेतच हरवतो. या हरवण्यावर येना येथील त्साइस कारखान्यातील आलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली तोड काढली. भिंगावर अतिशय पातळ लेप द्यायचा. आजच्या उत्तम दुर्बिणीत असे अनेक थर असतात आणि नव्वद टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. लोलकांची दुर्बीण मुळात इग्नात्सिओ पोर्रो या इटालियन अभियंत्याची कल्पना, १८५४ ची. पण ती नीट जमली चाळीस वर्षांनी, १८९४ साली, त्याच त्साइस कारखान्यात एर्न्स्ट आब्बे यांच्या हाताखाली. जाता जाता सांगतो, याच आब्बेंनी १९०० साली आपल्या कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. पोप लिओ तेरावे यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक १८९१ चे. दोघांची गाठ पडली असती तर बोलायला विषय होता.

मूळ अडचण मात्र पैशाने सुटणारी नव्हती. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या त्या चकतीचा व्यास. जुन्या ८ × ५६ ची चकती सात मिलिमीटरची. खिशात मावणाऱ्या ८ × २५ ची तीन मिलिमीटरच्या जराशी वर. भर दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते, तेव्हा दोघी सारख्याच. संधिप्रकाशात तरुणाची बाहुली सातपर्यंत उघडते आणि तेव्हा लहान दुर्बीण कमी पडते. भिंग कितीही उत्तम असो, छोट्या खिडकीतून उजेड कमीच येणार. दुकानदाराने मधला मार्ग सुचवला. ८ × ३२, चार मिलिमीटर, वजन अर्धा किलोच्या आसपास. आजोबांनी ती मानेवर अडकवून पाहिली, जरा वेळ उभे राहिले आणि काढून ठेवली.

मग त्यांनी जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहू शकणार नाही, पण अर्थ असा होता. सत्तरीत बाहुली पुरती उघडतच नाही. जुन्या दुर्बिणीतला दोन मिलिमीटरचा उजेड गेली कित्येक वर्षे त्यांच्या बुबुळाच्या कडेवर सांडत होता आणि ते मात्र ‘मला मोठ्या दुर्बिणीतून दिसते’ या भरवशावर शेवटचा अर्धा तास बसत होते. लहान घेतली तर संध्याकाळी ती लवकर ‘बस’ म्हणेल आणि खाली उतरावे लागेल. पण जेवढा वेळ दिसेल, तेवढा वेळ दिसले पाहिजे. म्हणून लहान, आणि म्हणूनच सर्वोत्तम.

मी विचारले, एवढे स्पष्ट कशासाठी? बंदुकीवरही दुर्बीण असतेच ना! त्यांचा चेहरा कठोर झाला. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून जो जनावर ओळखतो तो शिकारी नव्हे, ते म्हणाले. कारण ओळखण्याआधीच नळी त्याच्याकडे वळलेली असते. आधी हातातल्या दुर्बिणीने पाहायचे, नर आहे की मादी, वय काय, आजारी आहे काय, पिलू कोठे लपले आहे काय. ऑगस्टमध्ये रो जातीच्या नराची शिकार खुली असते, मादीची बंद. नराची शिंगे पानांआड असली तर पाठीमागच्या पांढऱ्या डागाचा आकार पाहायचा. या ओळखण्याला जर्मन शिकाऱ्यांच्या भाषेत ‘आन्‌श्प्रेखेन’ म्हणतात. व्यवहारातल्या भाषेत त्याचा अर्थ एखाद्याला हाक मारून बोलणे, विचारपूस करणे. ज्याला मारायचे त्याची आधी विचारपूस करायची. मी हा शब्द वहीत लिहून घेतला.

गरिबांचे सातशे युरो मी परत मागितले नाहीत. माझे उत्तर चुकीचे होते असे आजही मी म्हणत नाही, गरीब हा माझ्या डोळ्यांपुढचा खरा माणूस आहे. पण ज्याच्या हाती जीव घेण्याचे साधन आहे त्याने नीट पाहण्याचा खर्च वाचवणे, ही काटकसर नव्हे. डॉक्टरने चष्म्याचा नंबर वाढवून घेण्याचे टाळून ते पैसे धर्मादाय द्यावेत असे कोणी म्हणणार नाही. मुळात शिकारच का करावी, असे वाचक विचारतील, आणि योग्यच विचारतील. शास्त्रात निम्रोद आहे, एसाव आहे, पण कौतुक फारसे नाही. १९९२ च्या ‘कॅथॉलिक श्रद्धाग्रंथा’ने अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य केला आणि त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवले. आम्हा धर्मगुरूंना तर १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनेच शिकार आणि पारध वर्ज्य केली, कुत्रे आणि ससाणे पाळायलाही मनाई केली. त्या काळी आमचे पूर्वसुरी मिस्सेपेक्षा ससाण्यांत अधिक रमत होते, हे यावरून उघड आहे. केवळ मौजेसाठी मारणे मला समर्थनीय वाटत नाही. आजोबा जे मारीत ते खात, आणि त्या खोऱ्यात लांडगा उरलेला नसल्याने कोणीतरी हरणांची संख्या आवरली नाही तर कोवळी झाडे वाढत नाहीत. यापुढे त्या वादात मी शिरत नाही. माझा प्रश्न पाहण्याचा आहे.

इसहाकाची गोष्ट आठवून पाहा. एसाव शिकारी होता आणि त्याने आणलेल्या मांसामुळे तो बापाला अधिक प्रिय होता. म्हातारपणी इसहाकाची दृष्टी मंदावली. याकोब अंगावर करडांची कातडी लपेटून एसाव म्हणून आत गेला. इसहाकाला शंका आलीच. आवाज त्याला याकोबाचा वाटला, पण चाचपून पाहिल्यावर हात केसाळ लागले आणि त्याने हातांवर विश्वास ठेवला. प्रवचनांत आम्ही याकोबाच्या कपटाबद्दल बोलतो. इसहाकाला खरे तर पुरेसा पुरावा मिळाला होता, आवाजाचा. पण समोर आवडत्या मांसाचा वास दरवळत होता आणि त्याला हवे होते की, हा एसाव असावा. केवळ डोळे अधू म्हणून नव्हे, भूक लागली होती म्हणूनही तो फसला.

शिकाऱ्याच्या चुका अशाच होतात. ज्याची वाट पाहत बसलो तेच झुडुपात दिसू लागते. फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकेचे त्यावेळचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी टेक्सासमध्ये लावे मारताना आपल्याच सोबत्यावर छर्रे झाडले, भर दिवसा. सोबती वाचला. आपल्या पालघर जिल्ह्यात २०२५ च्या जानेवारीत बेकायदा शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने रानडुक्कर समजून आपल्याच माणसांवर गोळी झाडली आणि तेथे माणूस गेला. कोणालाही माणूस मारायचा नव्हता. त्यांना डुक्कर दिसले होते.

आता तर उष्णता टिपणारी यंत्रे निघाली आहेत. जर्मनीत २०२० च्या सप्टेंबरात रानडुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर आढळला आणि त्यांची संख्या घटवण्याची निकड वाढली, तेव्हापासून ती बरीच पसरली. काळ्याकुट्ट रात्री पडद्यावर पांढरा ठिपका चमकतो. काहीतरी जिवंत आहे एवढे निश्चित कळते. कोण आहे, हे त्या ठिपक्याकडून नेहमी कळत नाही.

पक्षिशास्त्राच्या इतिहासातही हा क्रम उलटा होता. पूर्वी पक्षी आधी पाडत आणि मग हातात घेऊन ओळखत. सलीम अली यांची कथा प्रसिद्ध आहे. १९०८ च्या सुमारास मुंबईत लहानग्या सलीमने खेळातल्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड यांच्याकडे गेला आणि त्याचे आयुष्य बदलले. १९८५ च्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही एका चिमणीचे पडणे आहे आणि शुभवर्तमान वाचणाऱ्याला ते शब्द ओळखीचे वाटतात. त्या चिमणीची विचारपूस ती मेल्यावर झाली. हाती चांगल्या दुर्बिणी आल्यावर पक्षी जिवंत ठेवून त्याचे नाव विचारता येऊ लागले.

दुर्बीण घेतल्यानंतरच्या शनिवारी आजोबांनी मला मचाणावर नेले. चारेक मीटर उंच लाकडी शिडी, वर फळीची बैठक, समोर कुरण आणि पलीकडे रानाची कड. साडेसात वाजता आम्ही बसलो. मिस्सेत कधी नसते इतकी शांतता होती. बऱ्याच वेळाने रानाच्या कडेला हेझेलच्या झुडुपात तपकिरी काहीतरी हलले. मी कुजबुजलो, ‘हरीण!’ त्यांनी बोट ओठांवर ठेवले, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि ते पाहत राहिले. पाच मिनिटे. दहा मिनिटे. फांद्या हलत, थांबत, पुन्हा हलत. बंदूक भिंतीला टेकलेली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. दुर्बीण माझ्याकडे दिली. मला तपकिरी रंग दिसला, एकदा पाय वाटावा असे काही दिसले. डोके नाही, शिंग नाही, पांढरा डाग नाही. मी आयुष्यात इतका वेळ एका गोष्टीकडे पाहिले नव्हते.

मग उजेड गेला. कायद्याने अजून निदान तासभर शिल्लक होता. आजोबांनी दुर्बीण खिशात घातली, बंदुकीतले काडतूस काढले आणि शिडीकडे वळले. खाली उतरल्यावर मी विचारले, ‘काय होते ते?’

‘ठाऊक नाही,’ ते म्हणाले.

ते सहजपणे म्हणाले, त्यात खेद नव्हता. मला मात्र त्या दोन शब्दांनी बोचले. गावापर्यंत अर्ध्या तासाची पायवाट होती आणि त्या वाटेवर मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी मी तोवर कोणाला सांगितली नव्हती.

माझ्या आधीच्या एका धर्मग्रामात चर्चच्या दानपेटीतील रक्कम कमी भरत असल्याची कुजबुज होती. एका संध्याकाळी प्रार्थनेची घंटा झाल्यावर मी वरच्या व्हरांड्यात उभा होतो. साठेक पावलांवर, अर्धवट उजेडात, गायकवृंदातला एक तरुण दानपेटीपाशी ओणवा झालेला दिसला. हातात काहीतरी चकाकले. तो आमच्या वृद्ध सेवेकऱ्याचा मुलगा होता. मला जे दिसायला हवे होते ते दिसले. मी त्याला हाक मारली नाही. खाली उतरून साठ पावले चाललो नाही. पुढच्या रविवारी त्याच्या वडिलांकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि त्याला गायकवृंदात येऊ नकोस, असे सांगितले. कारण दिले नाही, आणि कारण न दिल्यामुळे साऱ्या गावाने ते ओळखले. आठ महिन्यांनी सुतार पेटीचे काम करायला आला तेव्हा म्हणाला, कुलूप गंजून अडत होते, बापाच्या हातात जोर नव्हता म्हणून मुलाने ते तेल घालून मोकळे केले होते, स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडूनच नेला होता. हिशेबातली तूट पुढे वेगळ्याच कारणाने जुळली. तोवर ते कुटुंब दुसऱ्या धर्मग्रामात मिस्सेला जाऊ लागले होते. वडील त्याच वर्षी वारले. दफनविधीला मला बोलावणे नव्हते.

श्रद्धाग्रंथात याला नाव आहे. पुरेशा आधाराविना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात जरी खरा मानला तरी तो उतावळा निवाडा होय, आणि ते आठव्या आज्ञेविरुद्धचे पाप आहे. मी ते शिकवत आलो होतो. हरीण की माणूस हा प्रश्न मी परीक्षेत अचूक सोडवला होता. माझी अडचण अशी की, व्हरांड्यात उभा असताना मला शंकाच आली नाही. ग्रंथ सांगतात, शंका असेल तर झाडू नका. ज्याला शंका येतच नाही त्याने काय करावे? याचे उत्तर मला लॅटिन पाठ्यपुस्तकात सापडले नाही. कदाचित त्यासाठी आधी सवय लावून घ्यावी लागते, खात्री वाटत असतानाही दहा मिनिटे पाहण्याची, बंदूक भिंतीलाच टेकलेली असताना. त्या म्हाताऱ्या सुताराने हे कोणा ईशज्ञान्याकडून शिकले नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी त्याने काय मारले होते, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

सगळे ऐकून आजोबा काही वेळ चालत राहिले. मग विचारले, ‘आणि त्या मुलाला भेटलात?’

मी म्हणालो, पत्र लिहिले आहे. उत्तर आले नाही.

‘पत्र,’ ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

संत हूबर्ट शिकाऱ्यांचे आश्रयदाते मानले जातात. ते लिएजचे बिशप होते आणि ७२७ साली वारले. आख्यायिका अशी की, तारुण्यात उत्तम शुक्रवारी शिकारीला गेले असता हरणाच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला. ही आख्यायिका मुळात संत युस्तासची, नंतर ती हूबर्टना चिकटली, हे इतिहासकार सांगतात. ३ नोव्हेंबरच्या त्यांच्या सणाला बव्हेरियात शिंगांच्या तालावर मिस्सा होते. मी तोवर परत आलो होतो, पण आजोबांनी छायाचित्र पाठवले. वेदीसमोर ते उभे आहेत आणि सदऱ्याच्या खिशातून दुर्बिणीची काळी दोरी बाहेर आली आहे.

गेल्या नाताळात त्यांचे कार्ड आले. थरथरत्या अक्षरात लिहिले होते की, यंदाच्या हंगामात दोनदा नेम धरला, बाकी संध्याकाळी नुसतेच पाहून उतरलो, मान बरी आहे. खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती, त्या मुलाकडे गेलात काय, अशी विचारणा करणारी.

तो आता नालासोपाऱ्यात राहतो, त्याला दोन मुली आहेत. पत्ता माझ्या वहीत आहे, त्याच पानावर जेथे मी तो जर्मन शब्द लिहून ठेवला होता. माझ्या धर्मग्रामापासून बसने पाऊण तास लागतो. आजोबांच्या कार्डाला मी अजून उत्तर पाठवलेले नाही.